विषय कुठलाही चालत नाही, बाई

अमरावती

चि. छोटी,

काल फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय : "मामा, विषय कुठलाही चालेल, नावापुढे डॉक्टर लागल्याशी मतलब." हे तू बोलावंस? आठवीत भर वर्गात उभी राहून 'पण सर, असंच का?' म्हणून मला अडवणारी पोरगी तूच ना? फोनवरच रागावलो असतो, पण तुझी आई शेजारी बसलेली. म्हणून लिहितोय.

आधी त्या जाहिरातीचं. घरबसल्या, परदेशी विद्यापीठाची, झटपट मिळणारी डॉक्टरेट. पैसे भरले नाहीस ना? भरू नकोस. परदेशी विद्यापीठांचं नाव लावून कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्या मान्य नाहीत, असं यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनीही ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर करून टाकलंय. त्यासाठी जावईबापू सोसायटीचं कर्ज काढणार होते म्हणे. हे ऐकून तर माझा जीवच उडाला.

तुझी मूळ इच्छा मात्र खोटी नाही. नोकरीतल्या शिक्षकाने आपल्याच कामातला प्रश्न घेऊन डॉक्टरेट करायची, ही पद्धत जगात आहे. ब्रिस्टल विद्यापीठाने 1992 मध्ये ती ब्रिटनमध्ये आणली. आपल्याकडे अजून पीएच.डी. हाच रस्ता. पण तोही तुला बंद नाही. 2022च्या यूजीसी नियमांप्रमाणे नोकरी सांभाळून अंशकालीन करता येते. संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, कोर्सवर्कसाठी सोडण्याची हमी त्यातच असते. किमान तीन वर्षं, एरवी सहा, आणि बाईमाणसाला त्यावर दोन वर्षं जादा. बाळासाठी 240 दिवसांची रजाही आहे. गाईडकडे जागा आहे का हे आधी विचार. प्राध्यापकालासुद्धा एका वेळी आठांपेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत.

आता विषय. कुणीतरी तुला परदेशी गेलेल्या भारतीयांच्या इंग्रजी कादंबऱ्या सुचवल्या. कादंबऱ्या वाच, जरूर वाच. पण दिवाळी झाली की तुझ्याच इंग्रजीच्या वर्गातली तांड्यावरची पोरं आईबापामागे कामाला निघून जातात. ते स्थलांतर तू रोज हजेरीपटावर बघतेस, आणि संशोधनाला मात्र लंडन-न्यूयॉर्क?

अर्ध्यात सुटणाऱ्या शाळेचा विचार पूर्वीही एकाने केलाय. मायकेल वेस्ट नावाचा शिक्षणखात्यातला माणूस ढाक्याला होता. त्याने बंगालमधल्या मुलांवर काम करून 1926 मध्ये द्वैभाषिकतेवर अहवाल लिहिला. त्याचा प्रश्न साधा होता : पोरगं शाळा अर्ध्यात सोडून गेलं, तर तोवर शिकलेल्या इंग्रजीतलं त्याच्या पदरात काय उरतं? एलआयसीची पॉलिसी मधेच मोडली तर काय परत मिळेल, तसाच त्याने हिशेब मांडला, शब्दही तोच वापरला, सरेंडर व्हॅल्यू. त्यातून त्याने ठरवलं की या मुलांना आधी वाचता आलं पाहिजे. शाळा सुटली तरी वाचन सोबत राहतं. त्याचं उत्तर आज तसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र तुझ्या आर्णीत अजून तसाच उभा आहे, आणि तो विचारायला तुझ्याहून योग्य माणूस मला दिसत नाही.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनीही असाच वर्गातला प्रश्न घेतला. 1979 ते 84 दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं सोडवायला दिली. त्यावरचं त्यांचं 1987चं पुस्तक आज जगभर शिकवलं जातं. आर्णीच्या स्टँडवर एसटीचं वेळापत्रक आहेच की!

आणि भाषा तरी किती! बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, कोलामांच्या पोडावर कोलामी, कुठे गोंडी. कोलामी आणि गोंडी तर द्राविडी कुळातल्या, मराठीशी त्यांचं नातंच नाही. 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. म्हणजे कोलामाचं लेकरू सहाव्या वर्षी एकाच दिवशी दोन परक्या भाषांच्या पुढ्यात बसतं, आणि आपण शेरा मारतो, 'इंग्रजी कच्चे'. कंबलपोष बाबांच्या उरुसात तूच मला तो तांड्यावरचा पोरगा दाखवला होतास. वर्गात तोंड न उघडणारा, आणि तिथे आईशी गोरमाटीत, गिऱ्हाइकाशी मराठीत, शेजारच्या दुकानदाराशी हिंदीत धडाधड बोलत होता. तू म्हणालीस, "याला भाषा येत नाही असं कसं म्हणायचं?" अगं, हाच तुझा विषय! घरची भाषा इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवली की पोरगं मुकं होतं, हे मी जन्मभर पाहिलं. ती आत घेतली तर काय होतं, हे कुणीतरी चार वर्षं वर्गात बसून, वह्या तपासून, नोंदी ठेवून दाखवायला हवं. आपल्या भागातल्या शिक्षकाने नाही केलं तर कोण करणार?

काळजीही वाटते, खोटं कशाला बोलू. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचे गुडघे, पिंट्याची पहिली, आणि त्यात रात्री जागून टिपणं. एसटीचं तिकीट तुम्हा बायकांना अर्धं झालं, पण यवतमाळ करत अमरावतीपर्यंतचे धक्के काही अर्धे झाले नाहीत. कोर्सवर्कला आलीस की इथेच राहायचं. मामीने वरची खोली झाडून ठेवली आहे. लॉजचं नाव काढू नकोस. आणि प्रबंध 'लिहून देणारे' भेटतील, त्यांच्या सावलीलाही उभी राहू नकोस.

वेळ लागू दे. पण अर्ज भरण्याआधी तुझा प्रश्न मराठीत, एका ओळीत, स्वतःच्या हाताने लिही आणि मला पाठव. तो वाचल्याशिवाय मी तुला होकार देणार नाही.

तुझा,
मामा