गवंड्यांचा गुण्या आणि मुंबईचा माणेकजी

सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या ऑफिसकडे धावताना डी. एन. रोडच्या मागच्या सुखडवाला मार्गावर कधी वळलात? नसाल तर एखाद्या लंच टाइमला वळा. फ्रीमेसन्स हॉल तिथे आहे.

फ्रीमेसन म्हणजे शब्दशः गवंडी. म्हणून खुणा सगळ्या बांधकामाच्या: गुण्या, कंपास, ओळंबा. प्रत्यक्षात विटा कुणी रचत नाही! बंधुभाव, दानधर्म, ठरावीक विधी आणि शेवटी जेवण. दारे बंद ठेवून हे सगळं चालायचं, त्यामुळे उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजला सरळ ‘जादूघर’ म्हणत. मुंबईची खरी स्टोरी मात्र जादूची नाही, प्रवेशाची आहे.

माणेकजी खरशेदजी नावाच्या पारशी गृहस्थांना मेसन व्हायचं होतं. सगळी माणसं बंधू म्हणणाऱ्या इथल्या इंग्रजांच्या लॉजने त्यांना घेतलं नाही. गडी हटला नाही. युरोपात गेला, पॅरिसच्या लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेऊन परतला. मग तरी? पुन्हा नकार! क्लबच्या गेटवर मेंबरशिप कार्ड दाखवूनही बाहेर उभं राहण्यासारखंच हे.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स मधे पडले. काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे हे भाऊ, पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचे प्रमुख. त्यांनी १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, खास हिंदी लोकांसाठी. पारशी आले, मुसलमान आले, ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घेतली. (स्वतंत्र लॉज काढणं म्हणजे एका परीने वेगळं टेबल लावून देणंच, हेही खरं.) हिंदूंबद्दल वाद तर आणखी लांबला. इतके देव मानणाऱ्याने ‘एका परमेश्वरा’ची शपथ कशी घ्यायची, असा साहेबाचा प्रश्न. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना त्यासाठी भांडावं लागलं आणि १८७२ मध्ये प्रवेश मिळाला.

पुढे खरशेदजी कामा, फिरोजशाह मेहता असे बडे लोक मेसन झाले. दिवसा साहेबाशी वाद घालायचा, संध्याकाळी त्याला ‘ब्रदर’ म्हणायचं. धमाल आहे ना? १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. त्याच्या लॉजांमध्ये गीता, कुराण, बायबल असे ग्रंथ एकत्र ठेवलेले असतात.

मुलींनो, तुमच्यासाठी मात्र इथे दार बंदच. ग्रँड लॉज बायकांना सभासद करत नाही. माणेकजींनी मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी १८६३ मध्ये अलेक्झांड्रा शाळा काढली. तीही फोर्टातच, हजारीमल सोमानी मार्गावर. हॉल बघून झाला की तिकडूनच ऑफिसला जा.