पऱ्हाटीला पाती लागली तेव्हा

नागपूर, 10 नोव्हेंबर 2025

ती. दादास,


भाऊबीजेला तू आलास, ओवाळून घेतलंस, ताटात पाकीट ठेवलंस आणि जेवायला न थांबता काटोलची बस धरलीस. तू का थांबला नाहीस, ते मला माहीत आहे.

2019 ची दिवाळी आठवते? 4 नोव्हेंबरला बँकॉकहून बातमी आली, भारत आरसेप या व्यापार करारात जाणार नाही. तू म्हणालास, "वाचलो! न्यूझीलंडची दूध पावडर आली असती तर म्हशी विकाव्या लागल्या असत्या." मी आमच्या सूतगिरणीच्या हिशेबातून बोलले. व्हिएतनामचं सूत चीनमध्ये बिनशुल्क जातं, आपल्या सुताला शुल्क पडतं, बाहेर राहिलो तर गिऱ्हाईक जाईल. आई मधे पडली म्हणून विषय थांबला. तेव्हा इंग्लंडात लेस्टरला राहणारी आपली मंजूही सांगायची, ब्रेक्झिटवरून ओळखीच्यांत अबोला आहे. तिच्या शहरात युरोपात राहावं म्हणणारे जेमतेम 51 टक्के निघाले होते. तिथे निदान 2016 ला मतदान तरी झालं. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी घरात दोन तट पडलेच.

मग यंदा 19 ऑगस्टला कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं. अमेरिकेच्या शुल्काने कापडवाल्यांच्या ऑर्डरी अडकलेल्या, गिरणीत पगाराची धास्ती. बाहेरचा कापूस स्वस्त पडणार म्हणून ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ला, दादा. आणि तुझा फोन आला तेव्हा आनंदाने तुलाच सांगितलं. तुझ्या पऱ्हाटीला तेव्हा नुकती पाती लागली होती. सुरुवातीला सप्टेंबरपर्यंत असलेली ती माफी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे तुझा पहिला-दुसरा वेचा नेमका त्यातच सापडला.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. गेल्या थंडीत मी तुझ्या बगिच्यात आले, तेव्हा व्यापारी इसार सोडून निघून गेला होता. झाडांखाली संत्र्यांचा सडा. एक उचललं, वरून छान रंग चढलेला, खालून मऊ. अंगठा सरळ आत गेला. बांगलादेशचं संत्र्यावरचं आयात शुल्क 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये होतं, ते 2023 पर्यंत 88 झालं. तिकडच्या एका आकड्याने तुझी वर्षाची मेहनत मातीत गेली. ते डोळ्यांनी बघूनही ऑगस्टमध्ये मी फक्त गिरणीचा ताळेबंद पाहिला.

देशाने व्यापारापासून फटकून राहू नये, हे माझं मत आजही आहे. पण शुल्क माफ झाल्याने गिरण्यांचे जे पैसे वाचतात, ते कापूसवाल्याच्या क्विंटलमागून येतात. त्याची भरपाई आधी ठरली पाहिजे, माफी नंतर. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. चुकलं माझं.

लांब धाग्याचा यंदाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे. त्याखाली कुणालाही कापूस घालू नकोस. त्या भावासाठी लागणारी कपास किसान ॲपवरची तुझी नोंदणी राहिली आहे, असं वहिनी म्हणाली. सातबारा, आधार आणि पासबुक काढून ठेव. रविवारी सकाळच्या बसने येते, तुझ्याजवळ बसून भरून देते. जेवायलाही थांबेन.

तुझी,
बहीण