घे डावीकडे, ना उजवीकडे

मिरजेत आमच्या रेडिओला एकच स्पीकर होता. आकाशवाणी सांगलीवर तबला लागला की चाटीचा टणत्कार आणि डग्ग्याची घुमार एकाच जाळीमागून यायची, आणि त्यात काही उणं आहे असं वाटत नसे. पुढे गुरुजींसमोर बसायला लागलो. डावा हात डग्ग्यावर, उजवा तबल्यावर, हे अंगात मुरलं. मग घरात स्टिरिओ टेपरेकॉर्डर आला आणि दोन हातांमधली जागा पहिल्यांदा कानाला कळली. काही रेकॉर्डिंगं वादकाच्या बाजूने केलेली, काही श्रोत्याच्या. दोन्ही मान्य. पण वाजतावाजता बाजू बदलणं मला अजूनही सहन होत नाही.

आता सिडनीतल्या टूनगॅबीत माझा रियाज गॅरेजमध्ये चालतो. तो ध्वनिमुद्रित करायला लिनक्सवर चालणारा एक छोटा बोर्ड आणि साउंड कार्ड जोडलं. डावा माइक डग्ग्याला, उजवा तबल्याला. पण बोर्डावर दुसऱ्या कामाचा ताण आला की आवाज क्षणभर तुटायचा आणि पुढे डग्गा उजवीकडून ऐकू यायचा. दार उघडं असलं की पेंडल हिलकडून सेव्हन हिल्सकडे जाणारी गाडीही माइकमध्ये येते. ती डावीकडून निघायची आणि मध्येच उलटी फिरायची.

अशा कार्डांत बहुधा फिलिप्सने 1986 मध्ये आखलेली पद्धत असते. दोन्ही बाजूंचे नमुने एकाच तारेवरून आळीपाळीने येतात. शेजारची तार शून्यावर असली की डावा, एकवर असली की उजवा. सेकंदाला 48,000 वेळा हा फेरा. पुढे नमुने एका छोट्या रांगेत थांबतात आणि तिथे ही ओळख पुसली जाते, उरतो फक्त क्रम. रांग भरून वाहिली आणि एक नमुना सांडला, तर ठेक्यातली मात्रा गळल्यासारखं पुढचं सगळं सरकतं. कार्ड चालवणारा ड्रायव्हर नेमका इथेच चुकत होता: आवाज तुटल्यावर रांग रिकामी न करताच तो पुन्हा सुरू व्हायचा.

ही चूक मला वाचता आली, कारण ड्रायव्हरचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. लिनक्समधला आल्सा हा ध्वनीचा पाया यारोस्लाव्ह कीसेला यांनी 1998 मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून उभा करायला घेतला. इतक्या वर्षांत त्यात कितीतरी जणांचे हात लागले आहेत, आणि मला वाटतं त्यात कानही तितकेच हवेत. रांग रिकामी करून डाव्या नमुन्यापासूनच सुरुवात करायची, एवढा बदल मी केला. तपासायला डाव्या हाताचा नुसता ‘घे’ आणि उजव्याचा नुसता ‘ना’ घेतला. ‘धा’ टाळला, कारण त्यात दोन्ही हात एकदम पडतात. मुद्दाम बोर्डावर ताण टाकून आवाज तोडत राहिलो. घे डावीकडेच राहिला.

हा बदल पॅच म्हणून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवला तेव्हा कोडपेक्षा जास्त प्रश्न कारणावर आले: नमुना नेमका कुठे सांडतो, दुसऱ्या चिपवर काय होईल. हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. गुरुजीही बोल कसा निघाला हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. उत्तरं पटली आणि पॅच घेतला गेला.

आता सहा वाहिन्यांच्या आवाजाकडे वळलोय. वेव्ह फाइलमध्ये तिसरी जागा मधल्या स्पीकरची, आल्सात मागच्या डाव्याची, एचडीएमआयमध्ये खर्जाची. जुळणी चुकली की चित्रपटातले संवाद पाठीमागून येतात. ही जुळणी लावणाऱ्या तक्त्यावर सध्या रोज रात्री बसतो.