घमापूरची काळी सायकल

जबलपूर म्हटलं की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. घमापूर कुणी मुद्दाम पाहायला जात नाही. शहराच्या पूर्वेकडची ही दाट वस्ती. रांझी-खमरियाच्या बाजूला ऑर्डनन्स फॅक्टरी, शिवाय १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी. भोंग्याच्या वेळी इथून सायकलींचे लोंढे निघत, असं माझे मामा सांगतात. तेही त्यांतलेच एक.

त्यांच्याकडून मला मंडल्याला जायचं होतं, सायकलनं, पंधरा किलो सामानासह. गुडघे कुरकुरू लागलेत. यंदा नाही तर पुन्हा जमेलसं वाटत नव्हतं. सोबत आणलेली सायकल देखणी, बारीक टायरची. सामान लादून ग्वारीघाटापर्यंत गेलो मात्र, मान धरली, मनगटं बधिर झाली. पायडल मारताना टाच दर वेळी मागच्या थैलीला लागे.

मामा गल्लीतल्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्यानं सायकल उचलून पाहिली. "भैया, ये दौड़ने की है, ढोने की नहीं."

मग त्यानं मामांचीच जुनी काळी सायकल पुढे ओढली. मागच्या चाकाला ४० आरे, पुढच्याला ३२. कारण वजन मागे पडतं. दोन चाकांत अंतर जास्त, त्यामुळे टाच मोकळी राहते आणि उतारावर सायकल डोलत नाही. हँडल सीटच्या उंचीला, म्हणून पाठ ताठ. सीट कातड्याची, कडक. मऊ गादी दुकानात छान वाटते, तासाभरानं तीच रुततं. (हे मला पटायला दोन दिवस लागले!)

दोष आहेतच. सायकल वजनदार, गिअर एकच, आणि पावसात लोखंडी रिमवर ब्रेक घसरतात. पुढे ४४ दात, मागे १८. चढावर दम निघणार. मिस्त्रीनं मागे २२ दातांचं फ्रीव्हील चढवलं, चेन थोडी वाढवली. वेग गेला, पण पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी झाला. नवी घ्यायची झाली तर गिअरची घ्यावी, पण सांगाडा पोलादी, टायर रुंद आणि मागे कॅरियर पक्का बसेल अशीच. सामान दोन्ही बाजूंना सारखं आणि जितकं खाली तितकं बरं.

निघताना मामांनी स्वतः टायर दाबून पाहिले. निवृत्तीनंतर ही सायकल त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती.

बरेल्याला चहाला थांबलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मान हलवून पाहिली. दुखत नव्हती.