एकशे अठरावे चित्र

वाढ डोळ्यांदेखत होते, पण डोळ्यांना दिसत नाही. सकाळी मिटलेली कळी संध्याकाळी उमललेली आढळते. मधला क्षण मात्र कोणाच्याच हाती लागत नाही. निसर्गाची ही संथ चाल पाहायची, तर माणसाला धीर धरावा लागतो आणि थोडी युक्तीही करावी लागते.

ही युक्ती १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी केली. चित्रपट काढण्याचा ध्यास घेऊन ते इंग्लंडला जाऊन आले होते. कॅमेरा मिळाला, पण भांडवल नव्हते, आणि नुसत्या बोलण्यावर विसंबून पैसा देणार कोण? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची थोडीथोडी चित्रे घेतली. ती चित्रे पडद्यावरून सरकू लागली, तेव्हा पाहणाऱ्यांसमोर बीजातून अंकुर फुटला आणि बघता बघता त्याचे रोप झाले. या छोट्याशा चित्रपटाने फाळक्यांना भांडवल मिळवून दिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. या साऱ्या खटाटोपात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत, फिल्म धुण्याच्या कामी मदत करीत.

ही हकिगत सातवीतल्या एका मुलीने ऐकली, आणि आपणही वाटाण्याचे असे चित्र करावे, असे तिच्या मनाने घेतले. खिडकीत कुंडी ठेवली. समोर पुस्तकांच्या चळतीवर जुना मोबाइल फोन घट्ट बसवला. कारण कॅमेरा जरासा हलला, तरी पडद्यावर सारे रोप उडी मारल्यासारखे दिसते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक, अशी दिवसाची १२ चित्रे घ्यायची होती. पण शाळेच्या वेळात ती कोण घेणार? “अगं, मी आहे ना!” आजी म्हणाली. आजीने तोवर फोनवर एकही छायाचित्र घेतले नव्हते. पण त्या दिवसापासून घड्याळाचा काटा आणि आजी यांची जणू जोडीच जमली.

तीस दिवसांत ३६० चित्रे जमली. मुलीने ती संगणकावर घेतली आणि त्यांना ०००१, ०००२ असे क्रमांक दिले. आरंभीची शून्ये निरर्थक नव्हेत. ती नसली, तर पुष्कळदा संगणक अक्षरांप्रमाणे अंकही डावीकडून वाचतो आणि २ च्या आधी १० ला बसवतो. मग रोप वाढता वाढता मध्येच लहान होते. पुढे तिने वेगाचा हिशेब केला. सेकंदाला २४ चित्रे दाखवली, तर महिना १५ सेकंदांत उरकतो. १२ दाखवली, तर ३० सेकंद मिळतात. तिने १२ चा वेग ठरवला. स्थिर चित्रे अशी झरझर पुढे सरकली, की मन त्यांमधील अंतर भरून काढते आणि माणसाला हालचाल दिसते.

चित्रे निरखताना ११८ व्या चित्रात तिला आजीचा हात आडवा आलेला दिसला. रोप जवळजवळ झाकूनच गेले होते. तिने ते चित्र काढून टाकले. मग संकलनाच्या सॉफ्टवेअरला पहिले चित्र दाखवले. पुढचे क्रमांक त्याने आपोआप ओळीने उचलले. पण तयार झालेले चलच्चित्र दहा सेकंदांच्या आतच थांबले. क्रमांकांची साखळी ११७ पाशी तुटली होती. मुलीने ११७ व्या चित्राची नक्कल केली, तिला ०११८ असे नाव दिले, आणि साखळी जुळली.

संध्याकाळी आजीला समोर बसवून तिने ते चलच्चित्र लावले. माती उकलली, अंकुराने मान वर केली, पाने उलगडली. पुढे वेलीचे तंतू आधार शोधत हवेत असे फिरू लागले, की जणू एखादे मूल अंधारात हाताने चाचपडत आहे! आजी थक्क झाली. पण क्षणभराने तिने विचारले, “बाळ, दहाव्या दिवशी वाऱ्याने रोप कलंडले होते. येथे तर ते आपोआप उठून उभे राहिले! मी काडी लावून दिली होती, ते कुठे गेले?”

मुलीने पुन्हा पाहिले. ११७ व्या चित्रात रोप कलंडलेले होते आणि ११९ व्या चित्रात ते काडीच्या आधाराने ताठ उभे होते. मधल्या नकलेने साखळी जुळली होती, पण घडलेली गोष्ट मात्र पुसली गेली होती. रोप आपल्याच बळाने उठले, असे ते चलच्चित्र सांगत होते, आणि ते खरे नव्हते.

काढून टाकलेली चित्रे संगणक काही काळ बाजूला जपून ठेवतो. मुलीने तेथून ते चित्र शोधून आणले, नक्कल पुसली आणि ०११८ हा क्रमांक त्याच्या खऱ्या धन्याला परत दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते चलच्चित्र दाखवले गेले. दहाव्या सेकंदाला पडद्यावर काहीतरी चमकून गेले. एका सेकंदाचा बारावा भाग, एवढेच त्याचे आयुष्य. “ते काय होते?” मुलांनी विचारले.

“तो माझ्या आजीचा हात,” ती म्हणाली. “तो नसता, तर पुढची चित्रे नसती.”