तिसरी शिफ्ट

डिप्लोमा करून मी चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तेव्हा मला कायम फर्स्ट शिफ्टच मिळायची. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत बाईला कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. "तुमचं बरंय, रात्रपाळीची कटकट नाही," असं बरोबरची पोरं म्हणायची.

प्रमोशनच्या वेळी या सवलतीची किंमत कळली. माझ्यानंतर लागलेला मुलगा शिफ्ट इन्चार्ज झाला. साहेबांनी दिलेलं कारण खोटं नव्हतं : "त्याने तिन्ही शिफ्ट काढल्यात. तू रात्र पाहिलीच नाहीस." रात्री मोठे साहेब नसतात, मेंटेनन्सचा एखादाच माणूस असतो. अडलं की ज्याचं त्याने ठरवायचं. जिथे माणूस ठरवायला शिकतो, तिथेच आम्हाला मज्जाव होता.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला. सुरक्षेची आणि ने-आणीची सोय करून बायकांना रात्रपाळी देता येऊ लागली. आमच्याकडे मात्र बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत, आणि त्या इमारतीला संध्याकाळी कुलूप. आम्ही काहीजणी एचआरकडे खेटे घालत राहिलो. टॉयलेट शॉप फ्लोअरशेजारी आलं, गेटपर्यंत दिवे लागले, गाडी घरापर्यंत सोडू लागली. घरी सासूबाईंनी विचारलं, "रात्री पोराकडे कोण बघणार?" नवरा रात्रपाळी करायचा तेव्हा हा प्रश्न कधी निघाला नव्हता. "मी आहे की," नवरा म्हणाला, आणि विषय संपला.

इन्चार्ज झाल्यावरची एक रात्र चांगली लक्षात आहे. पहाटे तीनच्या सुमारास एका सीएनसीवर बोअर मोठा येऊ लागला. नो-गो गेज सरळ आत जात होतं. जुने ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, साहेबांना फोन लावू का?"

"लावा. पण आधी मशीन बंद करा."

शेवटचा ओके पीस सापडेपर्यंत मागचे ट्रे तपासले, इन्सर्ट बदलला, ऑफसेट दिला, पहिला पीस मोजून मगच मशीन सुरू केलं. फोनवर साहेबांनी काकांना एवढंच विचारलं, "इन्चार्ज कोण आहे?" पुन्हा असा फोन करायची वेळ काकांवर आली नाही. सकाळची गाडी उशिरा सुटली, पण माल परत आला नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेनेही बाईच्या संमतीने रात्रीचं काम मान्य केलं आहे. बऱ्याच कारखान्यांत आता 'महिलांची लाइन' असते, आठ मार्चला गुलाब देऊन तिचा फोटोही निघतो. पण त्या लाइनचा सेटर कोण, इन्चार्ज कोण, हे विचारलं की बहुतेक वेळा पुरुषाचंच नाव येतं. ऑपरेटर म्हणून रात्रपाळी आणि वरच्या जागेसाठी मात्र 'अनुभव कमी', हा हिशेब मला पटत नाही. आमच्याकडे सेटिंग बदलण्याची कामं बहुतेक रात्रीच निघतात. म्हणून रोस्टर लावताना मी मुलींची नावं तिसऱ्या शिफ्टला सेटरच्या हाताखाली टाकते. पुढच्या प्रमोशनला "हिने रात्र पाहिलीच नाही" असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढी तजवीज माझ्या हातात आहे.