मालक खालीच राहतात

घर भाड्यानं घ्यायचं तर मालक परगावी असावा, जमलं तर परदेशात असावा, असं मी कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले. पुण्यातल्या आमच्या पहिल्या घराच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि आमच्या दारातल्या चपला मोजायच्या. तेव्हापासून माझा सल्ला ठरलेला: भाडं चार पैसे जास्त पडू दे, पण मालकाच्या नजरेखाली राहू नका. तो सल्ला मी आता मागे घेते आहे.

2023च्या मे महिन्यात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बंगळुरूच्या मारतहळ्ळीत घर शोधायला उतरलो. गावाच्या नावात ‘मराठा’ ऐकून मी सुखावले होते. रिक्षावाल्यानं त्यातली हवा काढली. शेजारच्या एचएएलनं बनवलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून हे नाव पडलं, असं तो म्हणाला. ते विमान 1961 साली पहिल्यांदा उडालं. गोष्ट खरी असो-नसो, इथे आपलं माणूस आयतं भेटणार नाही हे मला कळून चुकलं.

आठ दिवसांत अठरा घरं पाहिली. पुण्यात आम्ही दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं होतं, इथे दहा महिन्यांचं मागायची जुनी रीत. ‘लीज’ अशी पाटी दिसली की मी हुरळून जायचे. मग समजायचं की लीज म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं आणि सोडताना रक्कम परत घ्यायची. ती एकदम आणायची कुठून? माझं मन अडकलं होतं एका मोठ्या सोसायटीत. तिथे स्विमिंग पूल होता आणि फ्लॅटचे मालक दुबईत. पण डिपॉझिटचा आकडा झेपेना. शेवटी एका गल्लीतलं तीन मजली घर नाइलाजानं घेतलं. मालक सहा महिन्यांच्या डिपॉझिटवर तयार झाले आणि मुलीच्या शाळेची व्हॅन कोपऱ्यावर थांबत होती, एवढीच त्याची जमेची बाजू. अंकल-आंटी तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर.

त्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, आमच्याशी मोडकं हिंदी. नियम मात्र पहिल्याच दिवशी नीट समजावले. वॉशिंग मशीन आठवड्यातून दोनदाच. गाडी पाइपनं धुवायची नाही. पाहुणे राहायला येणार असतील तर आधी सांगायचं. रोज सकाळी अंकल अंगणातल्या संपचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं, लोखंडी झाकण उचलायचे आणि आत एक काठी सोडायचे. काठीवर चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या. ओल कितव्या खाचेपर्यंत आली ते बघून ते तीन मजल्यांकडे नजर टाकायचे. मी बहिणीला फोनवर म्हणाले, “मालक नाही गं, जेलर आहे.” पाहुण्यांवरून आंटींशी एकदा कडाक्याचं भांडलेही.

मग 2024चा मार्च आला. या शहराला कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून चढवून आणावं लागतं. बाहेरच्या भागांतल्या कितीतरी वस्त्यांची भिस्त बोअर आणि टँकरवर, आणि बोअर आटत चालले होते. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड जाहीर झाला. प्रशासनानं टँकरचे दर ठरवले: पाच किलोमीटरच्या आत 12,000 लिटरला 1,000 रुपये. दर ठरले, आमच्या गल्लीत टँकर मात्र दिसेना. मला हव्या असलेल्या त्या सोसायटीतला पूल बंद झाला. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीच्या नळाला दिवसातून दोन तास पाणी. तिनं दुबईला फोन केला, तर मालक म्हणाले, “असोसिएशनशी बोला.”

आमच्याकडे एका रात्री अडीच वाजता इंजिनाच्या घरघरीनं जाग आली. खाली डोकावले. अंकल लुंगी खोचून टँकरचा जाडजूड पाइप दोन्ही हातांनी संपच्या तोंडाशी दाबून उभे, आंटी मोबाइलचा उजेड धरून. मी खाली गेले तशी त्या म्हणाल्या, “नीरु बंतु.” पाणी आलं. टँकर गेल्यावर अंकलनी काठी बुडवली, सातव्या खाचेवर बोट ठेवलं आणि मला दाखवलं. “उद्या मशीन लावा,” ते म्हणाले. मला धड ‘थँक्यू’ही म्हणता आलं नाही.

चपला मोजणारी बाई आणि पाणी मोजणारा माणूस, दोघांना मी एकाच मापात घातलं होतं, ही माझी चूक. मालक खाली राहतात म्हणजे तेही त्याच संपचं पाणी वापरतात, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दुबईतल्या माणसाला आमचं पाणी संपलं म्हणून तहान लागत नाही.

आता कुणी नवीन येणाऱ्यानं विचारलं तर सांगते, हवा-उजेड नंतर बघा, आधी संपचं झाकण उघडायला लावा, मग मालक कुठे राहतात ते विचारा. काच आहेच. कोण आलं, कोण गेलं हे आंटी अजून विचारतात आणि मला अजून राग येतो. अकरा महिन्यांचा करार दोनदा नव्यानं झाला. सोडताना रंगरंगोटीसाठी एक महिन्याचं भाडं कापणार, हे कलम त्यात जसंच्या तसं आहे. त्याबाबत मात्र माझं मत तसूभरही बदललेलं नाही.